अकराव्या पलटणीचा पहारा

लाइट गेलीच आहे तर मशिनी राहू द्या, बसा जवळ. आणि मध्येच कोणी खिदळायचं नाही. ज्यांची ही गोष्ट आहे त्या सुभेदारांचे कपडे मी याच दुकानात शिवतो. त्यांनी सांगितलं तसंच सांगतो, पदरचं काही घालत नाही.

सुभेदार सातव्या पलटणीतले. उमेदीची वर्षं सगळी फौजेत गेली, बायको देवाघरी गेली, मुलगा लांब नोकरीला. इथे त्यांचं एकाच माणसाशी जमायचं आणि त्याच्याशीच रोज भांडण. तो अकराव्या पलटणीतला हवालदार. या दोन पलटणींमधून विस्तव जात नसे. हॉकीचा कप कोणी पळवला, कुठल्या लढाईत मागे कोण राहिलं, चहा गार व्हायचा पण हे दोघे नाही. "आम्ही अकरावी, सुभेदार, तुम्ही अजून सातवीतच," असं हवालदार म्हणाला की सुभेदार तरातरा उठून जायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

मग म्हातारपणी हवालदाराच्या डोक्यावर परिणाम झाला. रात्री अंथरुणातून उठायचा, काठी खांद्याला लावायचा आणि घराच्या दारात पहाऱ्यावर उभा राहायचा. मुलगी रडकुंडीला यायची. "बाबा, झोपा हो." पण बदली आल्याशिवाय पहारेकरी जागा सोडतो का? शेवटी सुभेदार गेले. म्हणाले, "हवालदार, मी आलोय बदलीला. जा, पड जरा."

"सातवीच्या माणसाला अकरावीचा पहारा मिळत नाही," तो म्हणाला. "आमचा माणूस पाठवा."

सुभेदारांचं डोकं फिरलं. "मग राहा उभा मरेपर्यंत!" म्हणाले आणि निघून आले. बोलून गेले खरे. त्याच आठवड्यात हवालदार गेला, तिथेच, दारात.

तेव्हापासून सुभेदारांना घर खायला उठायचं. भांडायला माणूस उरला नव्हता. मुलाचा फोन यायचा, "बरं आहे ना?" "बरं आहे." झालं बोलणं.

गेल्या वर्षी, जानेवारीची नऊ तारीख, गुरुवार. रात्री साडेनऊला हवालदाराच्या मुलीचा फोन आला. "काका, बाबांच्या बंद घरात पाणी वाहतंय म्हणे. किल्ली तुमच्याकडेच आहे. नळ तेवढा बंद कराल?"

"त्यात काय एवढं," म्हणत त्यांनी स्वेटर चढवला, बॅटरी घेतली आणि निघाले. चार घरं सोडून तर घर. चांदणं छान पडलं होतं. कुलूप काढलं, दार उघडंच ठेवलं, आत जाऊन न्हाणीघरातला नळ पिळून बंद केला.

पाण्याचा आवाज थांबला. घर गप्प झालं. आणि मग ऐकू आलं.

दाराकडून. बुटाची टाच... फरशीवर घासल्यासारखी. उभं राहून पाय अवघडला की पहारेकरी असाच भार बदलतो. जन्मभर ऐकलेला आवाज.

"कोण आहे?"

त्यांनी बॅटरी लावली. दारात कोणी नव्हतं.

बॅटरी विझवली.

दारात कोणीतरी होतं.

सुभेदार म्हणतात, घाबरलो, खोटं कशाला बोलू. पण भीतीपेक्षा वाईट जास्त वाटलं. हा अजून उभाच आहे. एवढ्या थंडीत. एकटा. मी म्हटलं म्हणून.

"हवालदार... बदलीला आलोय रे."

"जा. झोप आता."

पुन्हा टाच. जागच्या जागी.

काय म्हणायला हवं ते त्यांना कळलं. पण जीभ रेटेना. ज्या पलटणीची जन्मभर टिंगल केली, तिचं नाव... आपलं म्हणून घ्यायचं.

ते ताठ झाले. टाचा जुळवल्या.

"अकरावी पलटण," सुभेदार म्हणाले. "तुमचाच माणूस. पहारा माझ्याकडे द्या."

कितीतरी वेळ... काही नाही.

मग उजव्या खांद्यावर काहीतरी येऊन टेकलं. जड. गार. खांदा खाली गेला. आणि पावलं वाजली... पायरी उतरून... रस्त्याने... सावकाश. दमलेल्या माणसाची.

"अरे हवालदार!" त्यांनी हाक मारली. "माझी बदली कोण करणार?"

पावलं थांबली नाहीत.

सकाळी दूधवाल्याला ते त्या दारात उभे दिसले. स्वेटर दवाने भिजलेला. त्यानेच हाताला धरून घरी आणलं. मुलगा तेव्हापासून मागे लागलाय, बाबा, माझ्याकडे चला. ते जात नाहीत. जागा सोडता येत नाही म्हणतात. रात्री तुम्ही त्यांच्या घरी गेलात तर ते भेटायचे नाहीत. कुठे असतात ते काय सांगायला हवं?

त्यानंतर ते शर्ट शिवायला आले. मी टेप लावली आणि म्हटलं, "सुभेदार, जरा सरळ उभे राहा."

"सरळच उभा आहे," ते म्हणाले.

उजवा खांदा चांगला दोन बोटं खाली होता. बनियन सरकवून पाहिलं तर खांद्यावर लाल वळ. बंदुकीच्या पट्ट्याएवढा रुंद. आणि बंदूक तर त्यांच्या हातून सुटून तीस वर्षं झाली.

परवा पुन्हा माप घ्यायला बोलावलं होतं. वळ अजून आहे. ताजा.