स्वयंपाकघराची खिडकी

"ही नका घेऊ, ताई."

फोमच्या पट्टीचं वेटोळं हातात धरूनच दिपमाला वळली. धुळ्याच्या त्या हार्डवेअरच्या दुकानात एक तरुण अॅल्युमिनियमच्या पट्ट्या निवडत उभा होता. कानामागे पेन्सिल, कपाळावर घाम आणि डोळे... छे, डोळ्यांकडे कशाला बघायचं!

"का? फटी बुजवायच्यात मला. घरात धूळ येते."

"धुळ्यात राहून धुळीची तक्रार?"

ती हसली नाही. "माझ्या आबांना दमा आहे."

त्याचं हसू विरलं. "माफ करा. पण इथल्या उन्हात या फोमचा एका उन्हाळ्यात भुगा होतो. झडपेच्या खिडकीला रबराची पोकळ पट्टी लावा, झडप मिटली की ती दबते. सरकत्या खिडकीला केसाळ ब्रशपट्टी. आणि दाराखाली..." तो थांबला. "मी हितेंद्र. मूळचा वरणगावचा. हेच काम करतो. येऊन बघू का?"

रविवारी सकाळी तो आला. दिपमालाचे वडील झुलालआबा एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. दवाखाना जवळ असावा म्हणून लेकीने त्यांना पिंपळनेरहून इथे आणलं आणि वर्षभरात घरासमोरचा रस्ता रुंदीकरणाला निघाला. दुपारी वारा सुटला, की ती शाळेत विज्ञान शिकवत असायची आणि जीव मात्र घरातल्या फटींमध्ये अडकलेला.

हितेंद्रने खिडकीत कागदाचा कपटा धरून झडप लावली. "ओढा बरं."

तिने ओढला. अलगद निघून आला.

"म्हणजे फट आहे."

मग त्याने चौकट स्पिरिटने पुसून कोरडी केली. पट्टीचं एक टोक तिच्या हाती दिलं. "ताणू नका हं. ताणून लावली, की पुढे आखडते आणि कोपरे उघडे पडतात."

"मी कुठे ताणतेय?"

"मग... लक्ष कुठे आहे?"

"तुमचं कुठे आहे?"

तो गडबडीने पट्टी दाबत राहिला. दुसऱ्यांदा कागद ओढला, तेव्हा तो फाटला. दोघंही हसले. सगळं आवरेस्तोवर तिच्या लक्षात आलं, दुकानात 'ताई' म्हणणारा हा माणूस सकाळपासून एकदाही ताई म्हणाला नव्हता.

"स्वयंपाकघराची एक खिडकी राहिली," तो जाताना म्हणाला. "पट्टी संपली. उद्या येतो."

उद्या आला नाही. परवाही नाही. शाळेतून आल्यावर दिपमाला उगाच ओसरीत यायची, पुन्हा आत जायची. चहा ठेवायची नि उकळून आटून जायचा. रस्त्यावर मोटारसायकल थांबली, की हातातलं टाकून डोकवायची. फोन हातात घ्यायची... पण म्हणायचं काय? पट्टी आली का, एवढंच?

बुधवारी दुपारी वावटळ उठली. ती शाळेतून धावतच घरी आली. आबांच्या खोलीत धुळीचा कण नव्हता. पण स्वयंपाकघर धुळीने भरलेलं आणि पाणी प्यायला उठलेले आबा ओट्याला धरून धापा टाकत होते. पंप दिला, पाठ चोळली. पाऊण तासाने श्वास ताळ्यावर आला. मग तिने फोन लावला.

"अजून पट्टी नाही आली? आबांना दम लागला आज."

पलीकडून इतकंच, "आलोच."

तो आला तो घामाने निथळत. पिशवीतून पट्टी काढली. नवं वेटोळं नव्हतं; रविवारचंच, निम्मं उरलेलं.

"म्हणजे... होती तुमच्याकडे?"

"होती." त्याची मान खाली होती. "काम संपलं असतं, तर पुन्हा यायला निमित्त काय? म्हणून ठेवली. रोज निघायचो, अर्ध्या वाटेतून फिरायचो. ही खिडकी झाली, की सगळंच संपेल असं वाटायचं..."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते रागाचं की कशाचं, तिलाही कळेना. "माझ्या बापाचा श्वास हे तुमचं निमित्त?"

तो सरळ आबांच्या खाटेपाशी गेला आणि सगळं सांगून टाकलं. काही लपवलं नाही, अगदी का केलं तेसुद्धा. दारात उभ्या दिपमालाचे कान तापले.

आबांनी त्याला न्याहाळलं. "चुकना तू, पोऱ्या," ते म्हणाले. "आते लाव."

तो मुकाट्याने खिडकीला भिडला. दुसरं टोक धरायला कुणी हवं होतं. क्षणभर थांबून दिपमालानेच ते धरलं. पट्टी कुठेही ताणली गेली नाही.

पिशवी खांद्याला लावून तो दाराबाहेर पडला. ती उंबऱ्यात आली.

"आता काय निमित्त काढणार?"

"एकही नाही उरलं," तो म्हणाला. "आणि काढणारही नाही."

"मग... निमित्ताशिवाय या." तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. "आणि येताना तुमच्या आईंना घेऊन या."

त्याच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर पायरीवर खणकन पडला. वाकून उचलायचंही त्याला सुचेना. नुसता बघत राहिला आणि तीही...

आतून आबांचा आवाज आला, खणखणीत, दमाबिमा विसरून —

"एक तं मधमा या, नही तं दार लावा, व माय! बठ्ठी धूळ ई राहिनी!"

हितेंद्र आत आला. दार दिपमालाने लावलं.