टेस्टिंगले आपलंच घर

हसाचं असन तं आधीच हसून घ्या. मंग मंधात हसू नोका.

कारन हे कोनाच्या मावशीच्या जावेसंगं घडलेलं नाई. माह्यासंगं घडलं. माह्या घरात. माह्या बाबांसंगं.

अन् सुरुवात रातीची नाई. भर दुपार होती, मागच्या हिवाळ्यातली. वाशीमचं आमचं ऑफिस. खाली चहाच्या टपरीवर गर्दी, वर आमी दोघंच, मी अन् प्रज्वल.

काम काय होतं ते सांगते आधी, नाई तं समजनार नाई.

आमच्या कंपनीनं जिल्ह्याचा सर्व्हे केला होता. कोन्या घरात कोन रायते, एवढाच. त्याचा डॅशबोर्ड बनवाचा. सगळ्यात वर जिल्हा. जिल्ह्यावर क्लिक केलं का तालुके उघडते. तालुक्यावर केलं का गावं. मंग वस्त्या, तांडे. मंग घरं. अन् सगळ्यात खाली मानसं.

याले ड्रिल-डाऊन म्हंतात. खाली खाली उतरत जाचं.

यात एकच कायदा. परत्येकाच्या वर कोनीतरी पायजे. मानसाच्या वर घर, घराच्या वर गाव. अधांतरी कोनी राह्यलं का वरची बेरीज अन् खालची बेरीज जुळत नाई.

आमची जुळत नव्हती.

एकानं चुकून राह्यली होती.

"का वं सपना, हा पाय तुहा फरार," प्रज्वल म्हने.

स्क्रीनवर एकच ओळ होती. देवला. वय झालेला मानूस. घराचा नंबर होता, पन त्या नंबरचं घरच नव्हतं. साहेबांनं बंद असलेली घरं रिपोर्टातून काढाले लावली होती ना... मानोऱ्याकडचे तांडे ऊसतोडीले गेले का घरांले कुलपं लागतात. सर्व्हेवाल्यानं शेजाऱ्यांकडून नावं घेतली, घरापुढं 'बंद' लिहिलं, अन् आमी ते घर उडवलं.

घर उडलं. मानूस राह्यला.

"साहेब येतीनच आता पाहाले," प्रज्वल म्हने. "टाक कुठंबी. उद्या शोधू."

अन् मी टाकला.

कुठं? माह्याच घरात.

आता तुमी म्हनसान, कायले? तं आमच्यात सगळेच तसं करतात. टेस्टिंगले आपलंच घर घ्याचं. कारन आपल्या घरात कोन कोन हाय ते तोंडपाठ असते, चूक पटकन दिसते. मी वाशीम जिल्ह्यावर क्लिक केलं. मंगरुळपीर. आसेगाव. आमची वस्ती. आमचं घर.

देवमन. लिलाबाई. सपना. म्हंजे बाबा, आई अन् मी.

अन् खाली... देवला.

बेरीज जुळली. साहेब आले, वरवर पायलं, खुश होऊन गेले.

मी यष्टीनं घरी आली. दिवेलागनीची वेळ. आई चुलीपाशी भाकरी थापून राह्यली होती. बाबा अंगनात पाय धूत होते.

आईनं ताटं मांडली.

चार.

"कोन येऊन राह्यलं वं आई?"

"कोन येते? कोनीच नाई."

"मंग चार काहून?"

तिनं ताटांकडं पायलं. एक उचललं. पन उचलताना थबकली... जशी इसरली का कोनतं उचलाचं.

आमची स्टीलची ताटं सारखीच हायत. परत्येकावर आईचं नाव कोरलेलं. बारशा-लग्नाले भांडी इकडंतिकडं जातात म्हनून. आईनं उचललं ते बाबांपुढचं.

"अवं सपनाची माय, मी काय उपाशी झोपू?" बाबा हसले.

आईबी हसली. मीबी हसली.

त्या राती बाजीच्या काथ्याचा आवाज आला. कोनी जड मानूस कुस बदलते तसा... अन् बिडीचा वास.

आमच्या घरात बिडी कोनीच पेत नाई.

दुसऱ्या दिवशी बाबा संगं फाट्यावर आले, त्याईले मंगरूळले जाचं होतं. आमच्या शेजारचा रवी गाडीवरून आला. गाडी हळू केली.

"जयभीम सपनाताई. एकटीच उभी हायस?"

बाबा माह्या बाजूले उभे होते. खांद्याले खांदा लावून.

मी म्हनलं, "अबे, बाबा हायत ना!"

रवीनं डोळे बारीक केले. मंग एकदम दचकला. "अवो काका! जयभीम, जयभीम... उन्हानं दिसलं नाई."

ऊन तं त्याच्या पाठीमांगं होतं.

ऑफिसात गेली तं प्रज्वल डोक्शाले हात लावून बसला होता. "बेरीज परत एकानं चुकून राह्यली. तूनं काई छेडलं का?"

"मी हात नाई लावला."

खालच्या ओळी उघडल्या. ज्याच्या वर कोनीच नाई, असा एक मानूस होता.

देवमन.

मी पटापट खाली उतरली. मंगरुळपीर. आसेगाव. वस्ती. घर.

लिलाबाई. सपना. देवला.

मी बाबांले उचलून परत घरात टाकलं. सेव्ह केलं. बंद करून उघडलं.

लिलाबाई. सपना. देवला.

देवलाले काढून पायलं. पुसून टाकलं. उघडलं... तो तिथंच. अन् बाबा बाहीर.

"सॉफ्टवेअरचा लफडा हाय बाप्पा," प्रज्वल म्हने. पन त्याचाबी आवाज बसला होता. कारन त्या दुपारभर त्यानं धा डाव तेच केलं, अन् धा डाव तेच झालं.

मी घरी फोन लावला.

"आई, बाबा आले का मंगरूळहून?"

तिकडं भांडी घासाचा आवाज थांबला.

"आई?"

"कोनाचे बाबा, वं?"

मस्करी करते असं वाटलं. पन आईचा आवाज मस्करीचा नव्हता. बिचारी खरंच आठवून राह्यली होती... अन् आठवत नव्हतं.

मी कशी घरी पोचली मले माहीत नाई. दारातून धावतच आत गेली. बाजीवर पायलं, न्हानीत पायलं, मांगच्या गोठ्यात पायलं. "बाबा! बाबा!"

"अवं पोरी..."

आवाज दारातून आला.

उंबरठ्यावर बसले होते. मी त्याईच्या अंगावरून उडी मारून आत गेली होती. माह्या बापाच्या अंगावरून. अन् मले ते दिसले नव्हते.

"यष्टी थांबलीच नाई वं," बाबा म्हने. "हात केला, तरी थांबली नाई. पायी आलो. तुह्या मायनं पानीबी नाई देल्लं. राग आला काय तिले?"

मी त्याईचा हात धरून बसली. सोडलाच नाई. मले भेव वाटे का हात सोडला तं माह्याबी ध्यानातून जातीन.

घरात आई ताटं मांडून राह्यली होती. तीन. एक तिचं, एक माह्यं...

तिसरं बाजीपाशी.

सकाळी प्रज्वल गाडी घेऊनच आला. रातभर जुनी फाईल उपसून त्यानं ते उडवलेलं घर शोधलं होतं. मानोऱ्याच्या पलीकडचा एक तांडा. मी बाबांले म्हनलं, "आईच्या पदराले धरून राहा, काईबी झालं तं सोडू नोका." ते हसले. पन धरून राह्यले.

तांडा सामसूम होता. दारोदारी कुलपं. एक कुत्रं, दोन-चार म्हातारे उन्हात. त्याईतले भाऊसिंग काका उठून आले.

"देवला? तो इथं कुठं, बाई? त्याले पोरानं संगं नेलं कारखान्यावर. धनसिंगनं."

"तुमी पायलं जाताना?"

"ट्रक पहाटे गेला. तव्हापासून घर बंद हाय. म्हंजे गेलाच ना."

प्रज्वलनं काकाकडून नंबर घेऊन धनसिंगले फोन लावला, स्पीकरवर. तिकडं उसाच्या फडात वारा, बायांचा आवाज.

"बा? बा तं तांड्यावर हाय," धनसिंग म्हने. "त्याच्यानं कोयता होत नाई आता. भाऊसिंग काका पाह्यतो म्हनले होते."

भाऊसिंग काका फोनपाशी वाकले.

"मी कव्हा म्हनलो? धनसिंग, मले वाटलं तूनं नेला!"

फोनवर नुसता वारा.

याईले वाटे तो तिकडं. त्याईले वाटे तो इकडं. अन् आमी तं त्याचं घरच उडवलं होतं.

देवलाच्या दाराले कुलूप होतं, जंग चढलेलं. किल्ली भाऊसिंग काकाच्या कनवटीले, ट्रक गेल्यावर त्याईले दारापाशी पडलेली सापडली होती. "दिवाळीपासून उघडलं नाई," ते म्हने. त्याईनं किल्ली प्रज्वलकडं देल्ली. प्रज्वलनं उघडलं.

आत अंधार. रिकामी बाज, तिच्यावर घडी केलेली वाकय. चूल थंड. धूळ अशी का पाऊल उठे.

अन् बिडीचा वास.

"कोनी नाई," भाऊसिंग काका म्हने. "चाला, चाला बाहीर."

पन मले भिंतीपाशी काईतरी चमकताना दिसलं.

ताट होतं. स्टीलचं. वर भाकरीचा तुकडा. मी बोटानं दाबला... नरम होता.

ताट तिरपं केलं.

लिलाबाई देवमन, आसेगाव.

प्रज्वल मले वढूनच बाहीर घेऊन आला. मी तिथंच अंगनातल्या बाजीवर लॅपटॉप उघडला. रेंज एक कांडी. पयले घर परत आनलं. त्याच्या पुढचं 'बंद' पुसलं, 'चालू' लिहिलं. मानोरा, तांडा, घर. अन् त्यात देवला.

"देवला काका," मी म्हनलं. का म्हनलं, काय माहीत. "हे तुमचं घर हाय. माह्या बाबांले त्याईचं द्या."

सेव्ह.

गोल फिरे... फिरे...

आतमंधी, त्या रिकाम्या घरात, बाजीचा काथ्या करकरला.

भाऊसिंग काकानंबी आयकला. त्याईनं टोपी काढून हातात घेतली.

अन् माह्या फोनची घंटी वाजली. आई.

"कवा येतं वं? तुहे बाबा कवाचे इचारून राह्यले. अन् आज काय झालं त्याईले, माह्या पदराले धरून बसले लहान लेकरावानी! सोडतच नाई!"

मांगून बाबांचा आवाज, "तूच सांग वं पोरी तुह्या मायले, मी काहून धरला ते!"

मी तिथंच रडली. लाज नाई वाटली.

धनसिंग परत आला. हरवल्याची तक्रार देल्ली. नाले पायले, विहिरी पायल्या. देवला काका सापडले नाई. आजलोक नाई. ते ताट आमी तिथंच ठेवलं. भाऊसिंग काका म्हंतात, त्यात रोज भाकर ठेवतो. सकाळी काय होते, ते इचारलं का दुसरीकडं पायतात.

प्रज्वल आता टेस्टिंगले कोनाचंच घर घेत नाई.

अन् आमच्या घरी... बाबा बरे हायत. यष्टी थांबते. रवी दुरूनच जयभीम घालते.

फक्त आई अजूनबी चार ताटं मांडते. तिच्या ध्यानातच नाई. चारही वाढते, आमी तिघं जेवतो, चौथं तसंच राह्यते.

आमी तिले टोकत नाई. बाबाबी नाई, मीबी नाई.

कारन 'आई, एक ताट उचल' असं म्हनलं...

अन् तिनं कोनतं उचललं तं?