पंपघर क्रमांक ३१२

आमच्या कंपनीत माझ्या पडद्यावर चार हजार हिरवे ठिपके आहेत. एकेक ठिपका म्हणजे दूरच्या पंपघरातला एकेक लिनक्स कॉम्प्युटर. अपडेट सोडलं की सगळे पिवळे होतात आणि चार मिनिटांत पुन्हा हिरवे.

३१२ ला मात्र पंधरा लागतात.

मी घड्याळ लावून मोजलंय. खोटं वाटलं तर वाटू दे. हे भर दुपारी, माझ्या समोर घडलंय.

माझे मामा याच कंपनीत तंत्रज्ञ होते. नवं अपडेट ते आधी एकाच मशीनवर टाकायचे. मग अकरा मिनिटं नुसतं बघत बसायचे.

"घाई कसली गं? मशीनला काय गाडी पकडायचीय?"

गेल्या वर्षी साहेबांनी फर्मावलं, "एकदम सगळीकडे सोड." बटण मी दाबलं.

दोनशे मशीन बंद पडली, ती उठलीच नाहीत. मामा ती एकेक हाताने उठवत फिरले. नवव्या दिवशी ३१२ च्या पंपघरात सापडले... खुर्चीत बसलेले. हृदय थांबलेलं.

अहवालात आलं, तंत्रज्ञाची चूक.

मामींनी विचारलं, "खरंच गं, यांनीच घोळ घातला?"

मी चहा टाकायला आत गेले.

तेव्हापासून ३१२ मागे राहतो. साहेब म्हणायचे, नेटवर्क.

गेल्या महिन्यात, बुधवारी पावणेतीनला पुन्हा अपडेट होतं. साहेब माझ्या मागेच उभे होते. ३१२ पिवळाच. मी त्या मशीनची नोंद उघडली.

'तिथल्या कीबोर्डवरून थांबवले.'

तिथे कीबोर्ड नाही. मीच काढून आणलाय. पंपघराला कुलूप आहे, किल्ली माझ्या खणात.

पंपाची घरघर ऐकायला तिथे माइक असतो. तो चालू केला.

घरघर...

मग तीही नाही.

मग... खुर्ची सरकली.

साहेबांचा चेहरा उतरला. "बंद कर ते! यादीतून काढून टाक. आणि बाहेर अवाक्षर नको. तुझे मामा गेले, विषय संपला."

अकरा मिनिटं झाली. ठिपका हिरवा झाला.

तिथे कोण होतं, मला आजही ठाऊक नाही. पण त्या क्षणी मला भीती वाटलीच नाही. डोक्यात नुसती आग होती. साहेबांवर, आणि त्याहून जास्त स्वतःवर.

साहेबांसमोरच मी फोन लावला.

"मामी, मामांची चूक नव्हती. हुकूम साहेबांचा होता. बटण मी दाबलं होतं. हे मी आज लेखी देतेय."