उजवीकडची अक्षरं

डॉक्टरांनी मनगटाला पट्टा बांधून दिला आणि काही दिवस टायपिंग बंद ठेवा म्हणाले, तेव्हा निशिगंधा नुसती हसली. टायपिंग हीच तर तिची नोकरी होती. सिल्व्हर पार्कमधल्या घरात, हॉलच्या खिडकीखाली टेबल मांडून ती दिवसभर कानाला हेडफोन लावून बसायची. अमेरिकेतले डॉक्टर रेकॉर्ड करून पाठवायचे ते ऐकायचं आणि पेशंटचे रिपोर्ट टाइप करून द्यायचे. इशिता अजून बालवाडीत होती. तिला सोडून बाहेरची नोकरी जमण्यातली नव्हती.

मग तिचा धाकटा दीर चंदन एक वेगळाच कीबोर्ड घेऊन आला. भाईंदर पूर्वेला त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. अंधेरीतलं कुठलंसं ऑफिस बंद झालं, त्या सामानात हा सापडला होता. वायर नव्हती. मधे उंचवटा, त्याच्या दोन्ही बाजूंना अक्षरं वाटून दिलेली, डाव्या हाताची डावीकडे, उजव्याची उजवीकडे. तळवे टेकायला मऊ गादी. हात जणू कोणाच्या तरी हातावर ठेवल्यासारखे वाटायचे. थोड्याच दिवसांत मनगटाची कळ गेली.

आणि मग उजवीकडची बटणं अडकायला लागली.

चंदनला बोलवायची गरज तिला वाटली नाही. लग्नाआधी ती टीव्हीच्या कारखान्यात सोल्डरिंग करायची. एका दुपारी जेवण आवरल्यावर तिने टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, सेल काढले, कीबोर्ड उलटा केला. दिसत होते ते स्क्रू काढले. दोन लपलेले होते, रबरी पायांखाली, तेही काढले. वरचा भाग अलगद सुटला.

डाव्या बाजूला जे असायला हवं तेच होतं. धूळ, एक लांब केस, बिस्किटाचा चुरा.

उजव्या बाजूला मीठ होतं.

जाडं, करडं, ओलसर मीठ. पलीकडच्या मिठागरात ढीग लागतात तसलं. बटणांच्या खाली दाबून भरल्यासारखं. त्याला खाडीच्या चिखलाचा वास येत होता.

"इशू, तू घातलंस यात मीठ?"

"नाही," खेळण्यांतून मान वर न करता इशिता म्हणाली.

ती खोटं बोलत नव्हती, ते आईला कळलं. खारी हवा, निशिगंधाने स्वतःला समजावलं. इथे खिडकीच्या जाळ्या वर्षभरात गंजतात. जाळ्यांवर कधी मिठाचे खडे साचत नाहीत, हेही तिला ठाऊक होतं. ब्रशने तिने सगळं झाडलं, स्पिरिटचा कापूस फिरवला आणि स्क्रू लावून कीबोर्ड बंद केला. तो छान चालला.

त्यानंतर ऑफिसातून मनोरमा मॅडमचा फोन आला. निशिगंधाचे रिपोर्ट त्याच तपासायच्या.

"अगं, त्या हार्टवाल्या पेशंटच्या रिपोर्टमध्ये मधेच काय लिहिलंयस? khup khol. तिकडचे डॉक्टर विचारतायत, हे कुठलं औषध?"

निशिगंधाने पाठवण्यापूर्वी रिपोर्ट वाचला होता. "चुकून झालं असेल, मॅडम."

"पुन्हा झालं तर मला वर सांगावं लागेल हं."

त्या दिवशी हात मांडीवर ठेवून ती स्क्रीनकडे बघत बसली. बराच वेळ काही झालं नाही. मग एकेक अक्षर उमटलं, सावकाश, शोधून शोधून टाइप केल्यासारखं.

kholu nko

तिने चंदनला फोन लावला.

"वहिनी, वायरलेसमध्ये होतं असं. बाजूच्या बिल्डिंगमध्ये कोणाकडे सेम कीबोर्ड असणार. त्याचं टायपिंग तुमच्याकडे येतंय. चॅनल बदलून देतो."

"मराठीत?"

"मग काय, मराठी माणसं नाहीत का इथे?"

"भावजी, ही सगळी अक्षरं उजव्या हाताची आहेत. आधीचीसुद्धा. डावीकडचं एकही नाही."

"संध्याकाळी येतो," तो म्हणाला. "तोपर्यंत हात लावू नका त्याला."

पण संध्याकाळपर्यंत थांबणं तिला जमलं नाही. इशिता स्वयंपाकघरात भातुकली मांडून बसली होती. निशिगंधाने कॉम्प्युटर बंद केला, कीबोर्डचा सिग्नल घेणारी डबी उपटली, सेल काढून खिडकीत ठेवले. आता त्या वस्तूत जीव असायचं काही कारण नव्हतं. तिने स्क्रू काढले. एक खाली पडला, तो तिने तसाच राहू दिला.

मीठ पुन्हा भरलं होतं. या वेळी पहिल्यापेक्षा ओलं.

वरचा भाग तिने बाजूला ठेवला, मीठ झाडलं. खाली रबराचा पातळ थर उरला. त्यावर प्रत्येक अक्षराच्या जागी एक फुगवटा असतो, बटण दाबलं की तो खाली बसतो. आता वर बटणंच नव्हती.

उजवीकडचा एक फुगवटा खाली बसला.

सावकाश वर आला.

मग दुसरा.

इतकी वर्षं टायपिंग केलेल्या तिच्या डोळ्यांना अक्षरं लिहिलेली असायची गरज नव्हती. कुठल्या जागी काय, ते तिला पाठ होतं. p. मग i. मग l, पुन्हा l. मग u.

पिल्लू.

या घरात कोणी कोणाला पिल्लू म्हणत नव्हतं.

"आले," इशिता स्वयंपाकघरातून म्हणाली.

"कोणी हाक मारली तुला?"

इशिता दारात येऊन उभी होती. ती आईकडे बघत नव्हती, टेबलाकडे बघत होती. "तू नाही," ती म्हणाली.

निशिगंधाने वर्तमानपत्रासकट सगळं गोळा करून पिशवीत कोंबलं, गाठ मारली, पिशवी जिन्यात नेऊन ठेवली आणि इशिताला मांडीवर घेऊन दाराला पाठ लावून बसली. संध्याकाळी चंदन आला. त्याने पिशवी उघडूनही पाहिली नाही. परस्पर भंगारवाल्याकडे टाकून आलो, असा रात्री त्याचा फोन आला. तिचा नवरा, गुणवंत, ते ऐकून हसला आणि जुना कीबोर्ड माळ्यावरून काढून देत म्हणाला, "झालं ना आता?"

झालं, असंच तिलाही वाटलं. रिपोर्ट बिनचूक जाऊ लागले. मनगट पुन्हा दुखू लागलं, आणि त्या दुखण्याचाही तिला आधार वाटला.

सोमवारी सकाळी ती इशिताला बालवाडीत सोडायला निघाली. ऊन चांगलं वर आलं होतं, भाजीवाल्यांनी रस्ता अडवला होता. इशिताचा डावा हात तिच्या हातात होता. मुलगी आज फार हळू चालत होती, म्हणून निशिगंधाने वळून पाहिलं.

इशिताचा उजवा हात वर उचललेला होता, खांद्याच्या वर, मोठ्या माणसाबरोबर चालताना मुलांचा असतो तसा. बोटं अर्धवट मिटलेली.

"हात खाली घे, इशू."

"सोडत नाही," इशिता म्हणाली. तक्रार नव्हती तिच्या आवाजात.

निशिगंधा खाली बसली. तिने तो चिमुकला हात धरला आणि त्या अर्ध्या मिटल्या मुठीत स्वतःची बोटं घालायला गेली.

आत जागा नव्हती.