ट्रक गेला, पुन्हा घेऊ

पहिल्या भेटीत मी त्याच्यावर धडकले, आणि क्षमाही न मागता पळाले.

ध्वनिमुद्रण केंद्राचा तो अरुंद बोळ. एका टोकाला मागचं दार, दुसऱ्या टोकाला स्वच्छतागृह, आणि मधोमध वायरींचं वेटोळं खांद्यावर घेतलेला एक अनोळखी, उंच माणूस. त्या घडीला माझ्यासाठी जगाचे दोनच भाग होते : त्या स्वच्छतागृहापर्यंतचं अंतर, आणि उरलेलं सगळं. तो उरलेल्यात होता.

मी बाहेर आले तेव्हा तो जमिनीवर बसून सुटलेलं वेटोळं पुन्हा गुंडाळत होता.

"पळता छान," मान वर न करता तो म्हणाला. "वाचताही अशाच का?"

"वाचताना मला कुणी आडवं येत नाही. आपण कोण?"

"नवा ध्वनिमुद्रक. दोनच दिवसांत इथे नाव पडलंय, कानसेन." आता त्याने वर पाहिलं. डोळे थकलेले होते, पण हसत होते. "तुमचीच वाट बघत होतो. सगळेच बघतायत म्हणे… पाच महिने."

पाच महिने. दृष्टिहीन वाचकांसाठी मी एक कादंबरी वाचत होते, नावाड्यांच्या तीन पिढ्यांची, चाळीस प्रकरणांची. अकराव्या प्रकरणात पोटात कळ उठली, आणि बारावं सुरू होण्याआधी माझ्या आतड्याचा वीतभर तुकडा कापून टाकावा लागला. तीन महिने शौचासाठी पोटावर पिशवी वागवली. मग दुसऱ्या शस्त्रक्रियेत आतडं पुन्हा जोडलं. तिकडे श्रोत्यांनी कळवलं होतं, आवाज तोच हवा, आम्ही थांबू. केंद्र मात्र महिनाअखेरपर्यंतच थांबणार होतं. त्यानंतर दुसरी वाचक.

त्यांना माझा आवाज हवा होता. मलाही नुसता आवाजच होऊन राहायचं होतं, देहावाचून, पोटावाचून. कारण ज्याच्याशी माझं लग्न ठरत आलं होतं, तो रुग्णालयात एकदाच आला. त्याची नजर चुकून त्या पिशवीवर गेली. "सावकाश बरी हो," तो म्हणाला. त्यानंतर त्याने मला अतिशय सावकाश बरं होऊ दिलं.

घरी ताईचं राज्य होतं. दर दोन तासांनी ती एक लहानशी वाटी पुढे करी. कधी मऊ भात, कधी कुस्करलेला बटाटा, कधी पिकलं केळं. आणि मग काय सोसलं, काय नाही, ते वहीत लिही.

"बत्तीस वेळा चाव."

"ताई, मी काय गाय आहे?"

"गाय परवडली. ती निदान सांगितल्याशिवाय रवंथ करते."

कानसेनची एक पद्धत होती. वाचन सुरू होण्याआधी तो रोज एक मिनिट खोलीची शांतता मुद्रित करी. वाचकाने खुर्चीत निश्चल बसायचं, पानही हलवायचं नाही.

"दोन वाक्यांमधली फट बुजवायला लागते," काचेपलीकडून, माझ्या कानांवरच्या हेडफोनमध्ये त्याचा आवाज आला. "नुसता रिकामा तुकडा जोडला तर ऐकणाऱ्याला खड्डा जाणवतो. त्याच दिवसाची, त्याच माणसाची शांतता हवी."

इतरांना ते मिनिट विसाव्याचं. माझ्यासाठी ती कसोटी होती. पंधरा सेकंद… वीस… आणि मग आत खोल कुठेतरी कुणी जड कपाट सरकवावं तसा आवाज. मी दोन्ही हातांनी पोट आवळलं. कानांपर्यंत तापले.

काचेपलीकडे त्याने हात वर केला. "ट्रक गेला. पुन्हा घेऊ."

"ट्रक? मला तर काहीच—"

"तुम्हाला नाही ऐकू यायचा. या भिंतींतून पावसाचा आवाजही आत येत नाही. पण जड गाडी जमिनीतून माइकमध्ये येते."

त्या अज्ञात ट्रकचालकाला मी मनोमन दुवा दिला.

त्या आठवड्यात रहदारी फारच वाढली. तेराव्या प्रकरणात नऊ ट्रक गेले. शिवाय त्याचं यंत्रही नाजूक असावं. दर अठरा मिनिटांनी ते तापायचं, आणि मला दहा मिनिटांची सुटी मिळायची. त्या सुटीत मी बोळातून पळायची, आणि परतल्यावर मेजावर कोमट पाण्याचा पेला झाकून ठेवलेला असायचा. कोण ठेवतं, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं, तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

हळूहळू सवय जडली… हेडफोनमधल्या त्या आवाजाची. तो इतका जवळ बोलायचा, की नजर काचेपलीकडे गेली म्हणजे तो एवढा लांब कसा, याचंच नवल वाटायचं.

"रविवारी नदीकाठी फिरायला येता?" त्याने एकदा विचारलं. "नावाड्यांविषयी इतकं वाचताय. एखादी नाव तरी बघा."

नदीकाठचा रस्ता मला पाठ होता. अर्ध्या तासाच्या चालीत एकही स्वच्छतागृह नाही.

"मला पोहता येत नाही."

"फिरायला म्हणालो मी. बुडवायला नाही."

"रविवारी ताईला वेळ द्यायचा असतो," मी म्हटलं. त्याने विषय गुंडाळला. वायरीसारखा, नीट, आपल्यापाशीच.

मग, महिना संपायला सहा दिवस उरले असताना, मागच्या दाराचं कुलूप बिघडलं. मी रोज त्याच दाराने येई. बागेतून आत शिरलं की स्वच्छतागृह जवळ पडे. त्या दिवशी वळसा घालून पुढच्या रस्त्यावर गेले, आणि जागीच थबकले.

रस्ता नव्हताच. या टोकापासून त्या टोकापर्यंत माणूस उभा बुडेल एवढा चर खणलेला होता. कडेच्या मातीवर गवत उगवलं होतं.

"हे कधीपासून?" मी तिथल्या कामगाराला विचारलं.

"दोन महिने होतील, बाई. ट्रक सोडा, सायकल जात नाही इथून."

मी मुद्रणखोलीत शिरले ती बसलेच नाही. तो काचेमागून उठून दारात आला.

"आज किती ट्रक गेले?"

त्याचे खांदे उतरले. "पुढच्या दाराने आलात."

"पहिल्या दिवसापासून माहीत होतं तुम्हाला! आणि रोज… माझी कीव करत बसलात?"

"कीव नाही. भीती."

"कसली?"

"तुम्ही पोट असं आवळायचात, की वाटायचं… मला ऐकू येतं हे कळलं, तर उद्या तुम्ही येणार नाही. पुस्तक दुसऱ्या कुणी वाचलं असतं. मी काय केलं असतं?"

राग अर्ध्यावर अडखळला. आणि मग, का कोण जाणे, मी जे ताईखेरीज कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगत गेले. ती पिशवी. तो 'सावकाश बरी हो' म्हणून गेलेला माणूस. आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतरचे ते चार दिवस. जोडलेलं आतडं जागंच होत नव्हतं. डॉक्टर सकाळ-संध्याकाळ पोटाला स्टेथोस्कोप लावत, ऐकत, आणि काही न बोलता निघून जात. पाचव्या सकाळी मात्र ते ऐकता ऐकता हसले. "बोलायला लागलं," म्हणाले. ताई तिथेच ढसाढसा रडली होती.

कानसेन दाराच्या चौकटीला टेकला.

"म्हणजे ज्या आवाजासाठी सगळे चार दिवस कान लावून बसले होते," तो हळूच म्हणाला, "तो मी तीन आठवडे कापून टाकतोय."

मला हसू आलं. हसता हसता डोळे भरले. "आणि मला अठरा मिनिटांपेक्षा जास्त बसवत नाही."

"माहितेय. म्हणून तर यंत्र तापतं."

त्यानंतर ट्रक बंद झाले. पोट बोललं की मीच बोट वर करी, आणि आम्ही ओळ पुन्हा घेत असू. पोटावरचे हात सुटले तसा आवाजही सुटला. सहा दिवसांत अकरा प्रकरणं झाली. महिन्याच्या शेवटच्या दुपारी नावाड्याच्या नातीने नाव पैलतीराला लावली, आणि मी पुस्तक मिटलं.

तो काचेपलीकडून उठला, आत आला, आणि समोरच्या खुर्चीत बसला. मुद्रण चालू असल्याचा लाल दिवा जळतच होता.

"एक मिनिट शांतता घ्यायचीय."

"पुस्तक तर संपलं."

"ही पुस्तकासाठी नाही."

आम्ही बसलो. काच मध्ये नव्हती. त्याचा श्वास मला पहिल्यांदाच यंत्राविना ऐकू येत होता. वीस सेकंद… तीस… आणि माझ्या पोटाने आपलं लांबलचक, निःसंकोच मनोगत मांडलं. माझे हात मांडीवरच राहिले.

"पुन्हा घेऊ?" त्याने विचारलं.

"नको. राहू दे."

तेवढ्यात त्याच्याही पोटातून काहीतरी बारीक, लाजरं उत्तर आलं. तो कानांपर्यंत लाल झाला.

"जेवला नाहीस?" मी विचारलं. 'तुम्ही' कुठे गळून पडलं, कळलंच नाही.

"तू कधीतरी बोलावशील म्हणून… थांबलो होतो."

"मग चल घरी. मऊ भात आहे. ताई प्रत्येक घास बत्तीस वेळा चावायला लावेल, आधीच सांगते."

"बत्तीस?" तो हसला, आणि पोटावरून सुटलेला माझा हात त्याने हातात घेतला. "मला कुठे घाई आहे?"

लाल दिवा अजून जळत होता. तो विझवायला आम्ही दोघंही उठलो नाही.