तीनदा उसवलेली शिवण

दार उघडून तिने त्याला आत घेतलं आणि तो काही बोलायच्या आधीच सोफ्याकडे हात केला. "या, आडवे व्हा. घाई नाही."

तो सोफे दुरुस्त करणारा कारागीर. आधी झोपून बघायला सांगणारं गिऱ्हाईक त्याला पहिल्यांदाच भेटत होतं. त्याला कौतुक वाटलं. पिशवी खाली ठेवून तो आडवा झाला.

"काय जाणवतंय?" तिने वही उघडली.

"मधली स्प्रिंग गेलीय."

"बरं..." तिने लिहून घेतलं. "कधीपासून?"

"तीन-चार वर्षं तरी झाली असतील. वरून कळत नाही, पण आत सगळं ढिलं पडलंय."

"आणि हे आजवर कुणालाच सांगितलं नाहीत?"

"कुणाला सांगणार? मी आजच आलोय."

मग तिची नजर पिशवीतून डोकावणाऱ्या हातोडीवर गेली. ती आधी लाल झाली, मग इतकी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं. तोही हसला, पण उठायचं विसरला.

हा एका मानसोपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता आणि ती तिथली मदतनीस. डॉक्टरीणबाई त्याच सकाळी पंधरा दिवसांच्या रजेवर गेल्या होत्या. अकराच्या नव्या पेशंटला तसा निरोप पोचला नव्हता, म्हणून ती त्याचं नुसतं ऐकून टिपून ठेवणार होती. पेशंट आलाच नाही. आला हा.

दुसऱ्या दिवशी तो सोफा उलटा करून बसला असताना ती कागद घेऊन आली. दूरच्या एका शहरातल्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवायच्या नोकरीसाठी तिची मुलाखत होती. तिथे वीस मिनिटं व्याख्यान द्यायचं होतं. विषय होता व्यक्तिमत्त्वाकडे बघण्याचा मनोगतिक दृष्टिकोन, त्याचं बळ आणि त्याच्या उणिवा.

"भिंतीशी बोलून कंटाळले. तुम्ही ऐकाल?"

"हात कामात असतात. कान रिकामेच."

ती वाचू लागली. माणूस असा का वागतो, याची बरीचशी कारणं त्याची त्यालाच ठाऊक नसतात. लहानपणी दाबून टाकलेल्या इच्छा, भीती, राग मनाच्या तळाशी राहतात आणि तिथून त्याला हलवत असतात.

"असं का?" त्याने उलट्या सोफ्याचं पोट दाखवलं. "वर कापड कसं शांत. आणि खाली ही स्प्रिंगांची मारामारी."

ती थांबली. "हे मी घेऊ? व्याख्यानात?"

"घ्या की."

तेव्हापासून हा रोजचा शिरस्ता झाला. ती वाचायची, तो काथ्या पिंजत ऐकायचा आणि मधेच काहीतरी विचारायचा.

"हे सगळं कुणाला बघून ठरवलं?"

"सुरुवातीला थोड्याशा पेशंटना बघून."

"म्हणजे मोडके सोफे तेवढे बघितले आणि जगातल्या सगळ्या सोफ्यांचं ठरवून टाकलं?"

ती लिहून घ्यायची. तो पुढे विचारायचा, "आणि सगळं लहानपणीच ठरत असेल, तर मोठेपणी माणसाने नवीन काही करायचंच नाही का?"

तेही ती लिहून घ्यायची.

"मग चांगलं काय आहे त्यात?" त्याने एकदा विचारलं.

ती खिडकीशी गेली. बाहेर पाऊस भुरभुरत होता. "माणसाच्या वेड्यावाकड्या वागण्यालाही अर्थ असतो, असं हे मांडणाऱ्यांनी ठणकावून सांगितलं. त्याला हसू नका, ऐका. नुसतं नीट ऐकलं ना कुणी... तरी माणूस हलका होतो."

त्याच्या प्रत्येक प्रश्नाने व्याख्यान पक्कं होत होतं. ते पक्कं झालं की ती जाणार, हे त्याला कळत होतं. तरी तो विचारायचा. प्रश्न आवडला की ती पेन्सिलीचं टोक दातात धरून त्याच्याकडे बघायची... तेवढ्यासाठी.

घरी ताई म्हणाली, "एका सोफ्याला नऊ दिवस? जहाज बांधतोयस की काय?"

"नाजूक काम आहे."

"काम नाजूक आहे की तू?"

त्या नवव्या दिवशी तिने उभं राहून सगळं व्याख्यान म्हणून दाखवलं. शेवटी ती म्हणाली, "उदाहरणार्थ, एक कुशल कारागीर. लहानपणी शिवण वाकडी गेली की वडील भर दुकानात त्याच्याकडून ती उसवून घेत. आज तो एकच शिवण तीनदा उसवतो. त्याला काम संपवताच येत नाही. वडील गेले, पण त्यांची भीती आत राहिली आहे... आणि हे त्याला ठाऊक नाही."

वडिलांचं ते त्यानेच एकदा काथ्या पिंजताना तिला सांगितलं होतं. दाभण त्याच्या हातात तसंच राहिलं.

"हे चूक आहे," तो म्हणाला.

"तुम्हाला तसं वाटणारच. नाकारणं हा मनाचा बचाव असतो."

"आणि मी हो म्हटलं असतं तर?"

"तर... बरोबर ठरलं असतं."

"म्हणजे हो म्हटलं तरी तुमचंच खरं, नाही म्हटलं तरी तुमचंच खरं. मग मी खरं सांगायचं कुठे?"

ती खुर्चीत बसली. कागद उलटसुलट केले. "हीच सगळ्यात मोठी उणीव आहे या दृष्टिकोनाची," ती हळू आवाजात म्हणाली. "पडताळूनच बघता येत नाही. मी पुस्तकातून उतरवूनसुद्धा घेतलीय. आणि आत्ता स्वतःच..."

इथे तो गप्प बसू शकला असता. पण सोमवारच्या मुलाखतीत ती चार परक्या माणसांसमोर हे खोटं उदाहरण घेऊन उभी राहणार होती, आणि ते त्याच्याच्याने बघवेना.

"वडील उसवायला लावायचे," तो म्हणाला, "आणि मग शेजारी बसून शिवून दाखवायचे. त्यांची कसली भीती? शिवण मीच उसवतो, जाणूनबुजून. तुम्ही फोन घ्यायला बाहेर गेलात की."

"का?"

"संपली तर... दुसऱ्या दिवशी यायचं कसं?"

तिने पेन्सिलीने ते उदाहरण खोडलं, पुन्हा पुन्हा, कागद फाटेपर्यंत.

"रागावलात?"

"हो. इतके दिवस मी तुमच्या लहानपणात शोधत बसले, आणि तुम्ही इथे समोर बसला होतात."

त्याने मान खाली घातली.

"निवड झाली तर मी जाणार हं," ती म्हणाली. "मला हवीय ती नोकरी."

"माहीत आहे. म्हणून तर एवढे प्रश्न विचारले."

तिचे डोळे भरून आले. ती उठून सोफ्यापाशी गुडघे टेकून बसली आणि कापडाचं टोक ताणून धरलं. "पूर्ण करा. आत्ता, माझ्यासमोर."

त्याने शिवायला घेतलं. तिची बोटं त्याच्या बोटांपासून टाक्याएवढ्या अंतरावर होती. एवढं सावकाश त्याने आयुष्यात शिवलं नव्हतं. तरीही शेवटचा टाका आलाच. त्याने गाठ मारली, दोरा कापला.

"झालं?"

"झालं."

"आता उद्या यायला काही कारण नाही."

"नाही."

"तरी या," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तो दारासमोर उभा राहिला तेव्हा हातांचं काय करावं ते त्याला कळेना. पिशवी नव्हती. रिकाम्या हातांनी तो कधी कुणाच्या दारात गेला नव्हता. त्याने बेल वाजवली.

"कोण?" आतून तिने विचारलं.

वीस वर्षं, शेकडो दारांपुढे, याचं एकच उत्तर त्याच्या तोंडी बसलं होतं... सोफावाला. ते ओठांवर आलंही. त्याने ते गिळलं.

"मी," तो म्हणाला.