चार खाचांची दांडी

बसा. फक्त ती खुर्ची सरकवू नका, आहे तिथंच बसा. पाय जरा अवघडतील, चालवून घ्या.

तुम्ही आलात बोटीची चौकशी करायला, आणि विचारलंत काय, तर दाराशेजारी तो लाकडाचा तुकडा का टांगलाय. सगळेच विचारतात. मी बहुतेकांना काहीतरी थाप मारतो. आज खरं सांगतो, कारण आज मला एकट्याला इथं बसवत नाही. मधेच उठून फेऱ्या मारायला लागलो तर मनावर घेऊ नका. हल्ली मी एका जागी ठरतच नाही.

बावीस वर्षं मी हौसेच्या बोटी विकतोय. बोलणाऱ्याचे हुलगेही खपतात आणि न बोलणाऱ्याचे गहूसुद्धा पडून राहतात, हे मी पहिल्याच वर्षी शिकलो. तयार बोट विकणं सोपं असतं. कुणीतरी खास बांधून घेतलेली विकणं म्हणजे दुसऱ्याच्या अंगाला बेतलेला कोट तिसऱ्याच्या गळ्यात मारणं. एका गृहस्थानं कुत्र्यासाठी वेगळी केबिन काढली होती, आत पूर्ण उंचीचा आरसा. ती खपायला दोन वर्षं लागली, आणि घेणाऱ्याकडे मांजर होती.

ही बोट मात्र पाहिल्याबरोबर मला आवडली. चोवीस मीटर लांब, दोन इंजिनं, सागवानी डेक. पुढच्या टोकाला झोपायची केबिन, तिथून बोळ, बोळाच्या एका अंगाला न्हाणीघर आणि स्वयंपाकघर, मग बैठक, आणि बैठकीच्या काचेच्या दारातून बाहेर पडलं की मागचा उघडा डेक. डेकच्या शेवटी छोटं स्टीलचं फाटक. फाटकाबाहेर पाणी.

आणि या सगळ्यातून, पलंगाच्या उशापासून थेट डेकपर्यंत, भिंतीला कमरेच्या उंचीवर एक लाकडी दांडी. कुठंही खंड नाही. हात ठेवला की सोडायची गरजच नाही.

"माझ्या बायकोसाठी," मालक म्हणाले.

मालक म्हणजे सत्तरीतले गृहस्थ, शर्टाची इस्त्री कधी न मोडणारे. त्यांच्या पत्नीची दृष्टी एका आजारपणात गेली. घरात त्या ठेचकाळायच्या, रडायच्या. समुद्राचं वेड मात्र तसंच राहिलं. म्हणून त्यांनी ही बोट बांधून घेतली. दांडीच्या खालच्या अंगाला, बोटांना लागतील अशा खाचा होत्या. एक खाच म्हणजे न्हाणीघर. दोन म्हणजे स्वयंपाकघर. तीन म्हणजे बैठक. आणि बाहेर डेकवर, दांडीच्या अगदी शेवटच्या तुकड्याला, चार.

"चार म्हणजे थांब," मालक म्हणाले. "तिथून तीन पावलांवर पाणी. रोज दुपारची झोप झाली की बरोबर तीन वाजता ती एकटी उठायची आणि डेकवर वारा खायला यायची. सात वर्षांत एकदा ठेच लागली नाही. मीसुद्धा तिच्यामागून डोळे मिटून चालायचो. गंमत म्हणून."

चार वर्षांपूर्वी पत्नी त्या पुढच्या केबिनमध्येच, झोपेत गेल्या. आता मालकांचे गुडघे गेले होते आणि डॉक्टरांनी बोटीवर जाणं बंद केलं होतं. त्यांनी दोनच अटी घातल्या. दांडी काढायची नाही. आणि बोट ज्या दिवशी ताब्यात द्यायची, त्या दिवशी आधी त्यांना एकदा पलंगापासून डेकपर्यंत चालू द्यायचं.

मी शब्द दिला. शब्द द्यायला माझं काय जात होतं?

आठ महिने बोट हलली नाही. येणारा प्रत्येकजण बोळात शिरला की दांडीला हात लावायचा आणि विचारायचा, "इथं कुणी आजारी होतं का?" मग त्याची मान आपोआप केबिनच्या पलंगाकडे वळायची, आणि सौदा तिथंच मरायचा. आमच्या धंद्यात एक रीत आहे. बोट दाखवण्याआधी जुन्या मालकाची प्रत्येक खूण उचलायची. फोटो, चपला, कपाटातला वास, सगळं. आम्ही त्याला बोट पुसणं म्हणतो. मी शेकडो बोटी पुसल्या आहेत. ही एकच अर्धवट पुसलेली होती, आणि ते मला खुपत होतं.

शेवटी सुतारमामांना बोलावलं. त्यांनी एका दिवसात दांडी उतरवली, स्क्रूची भोकं बुजवली, भिंतीला वॉर्निश मारलं. मालकांना कशाला सांगायचं? ताबा द्यायच्या आदल्या दिवशी परत लावू, ते चालून गेले की नव्या मालकाला हवं तर काढून देऊ. सापही मरेल आणि काठीही तुटणार नाही, असं मी मनाशी म्हटलं. स्वतःवर बेहद्द खूश होतो मी त्या दिवशी.

दुसऱ्या दिवशी मामा तोंड फुगवून आले.

"साहेब, ओल्या वॉर्निशला हात कशाला लावलात?"

मी लावला नव्हता. बोळाच्या भिंतीवर पंजे उमटले होते. एक कमरेपाशी, दुसरा जरा वर, तिसरा त्याच्याही वर. पाच बोटं फाकवून, दाबून. दांडी होती तिथं आधी, आणि मग सगळीकडे. काहीतरी शोधत असल्यासारखे. पंजा लहान होता. मामांनी पुन्हा घासलं, पुन्हा मारलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा.

तिसऱ्या दिवशी मी बैठकीत एकटाच होतो. एका दंतवैद्य बाईंना बोट पसंत पडत आली होती, त्या चारला येणार होत्या. मागचं फाटक मी सताड उघडून ठेवलं होतं. ही माझी जुनी युक्ती आहे, गिऱ्हाईक आत आलं की समोर मोकळं पाणी दिसलं पाहिजे. ऊन लख्ख होतं. भुतं रात्री येतात असं आपण ऐकलेलं असतं. पण जिला दिसतच नाही, तिला दिवस काय आणि रात्र काय...

आतून आवाज आला. थप... थप... भिंतीवर हात आपटत यावा तसा. मग थांबला. पुन्हा थप... जरा पुढे. अनवाणी पाऊल जमिनीवर घासल्याचा आवाज. वॉर्निशच्या वासात कुठूनतरी चंदनाच्या साबणाचा वास मिसळला. मला वाटलं मामाच असतील. हाक मारली. हात क्षणभर थांबला. माझा आवाज कुठून आला हे कुणीतरी ऐकत होतं.

मग पावलं बैठकीत आली. समोर काही नव्हतं. सोफ्याच्या पाठीवरचं कापड एका जागी दबलं आणि सुटलं. पावलं माझ्या शेजारून गेली, दारातून बाहेर पडली, डेकवर आली. मोकळ्या डेकवर धरायला काहीच नव्हतं. ती पावलं एकदा डावीकडे गेली, एकदा उजवीकडे.

आणि मग पाण्यात धपकन आवाज झाला.

मी धावलो. पाण्यावर वर्तुळं पसरत होती. खाली काही नाही. मी बराच वेळ तिथं ओणवा होऊन पाहत राहिलो. उठताना दिसलं, फाटकाच्या चौकटीच्या खालच्या कडेवर दोन ओले पंजे होते. बाहेरून धरलेले. वर चढताना धरतात तसे.

नऊ दिवस, रोज तीन वाजता. मी पळून का गेलो नाही? खरं सांगतो, सौदा होत आला होता, आणि बाई चारला यायच्या, तीनला नाही. एक तास मधे होता. एवढ्या तासाभरात मी डेक पुसून घ्यायचो. फाटक लावून ठेवायची बुद्धी मला दोनदाच झाली. त्या दोन्ही दिवशी पाण्यात आवाज झाला नाही, पण फाटकावर आतून आपटलेले हात मी अर्धा तास ऐकले. ते जास्त वाईट होतं. तिसऱ्या दिवशी मी पुन्हा उघडलं. याची मला आज लाज वाटते.

दंतवैद्य बाईंनी होकार दिला. शनिवारी ताबा. मालकांना फोन केला, ते म्हणाले, "तीनला येतो."

शुक्रवारी मामांनी दांडी परत लावली. मी पलंगापासून डेकपर्यंत बघत गेलो. सांधे जुळलेले, रंग एकसारखा, कुठं कळणारसुद्धा नाही. मी सुटकेचा श्वास टाकला. तीन वाजता बोळात हात सरकत येण्याचा आवाज आला. थपथप नाही, अडखळणं नाही. लाकडावरून तळवा सळसळत येत होता आणि पावलं जवळजवळ धावत होती. आपली वाट सापडल्यावर माणूस धावतं तसं. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू. मी फाटकाकडे न बघताच धक्क्यावर उतरलो आणि घरी गेलो.

शनिवारी मालक आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट. थेट जाऊन पलंगाच्या उशाशी उभे राहिले, दांडीवर हात ठेवला, डोळे मिटले.

"तुम्ही मागून या," म्हणाले. "बोलू नका."

ते चालायला लागले. एका खाचेपाशी बोटं थबकली, ते हसले. दोन खाचा. तीन. काचेच्या दारातून बाहेर. बाईंना पाणी दिसावं म्हणून फाटक मी सवयीनं उघडं ठेवलं होतं. मला काळजी नव्हती, पुढे चार खाचा होत्या. मालकांचा हात शेवटच्या तुकड्यावरून सरकत गेला. थांबला नाही. दांडी संपली, हात सुटला, आणि ते तसेच पुढे निघाले. एक पाऊल. दोन...

मी हात पुढे केला, पोचला नाही.

तिसरं पाऊल हवेत होतं. तेव्हाच ते थांबले. कुणीतरी समोरून छातीला हात लावून अडवावं तसे. शर्ट छातीवर दबला होता. त्यांनी पाय मागे घेतला आणि डोळे उघडले.

"इथं चार खाचा नाहीत," ते हळू म्हणाले.

मी दांडीखाली हात घातला. शेवटचा तुकडा गुळगुळीत होता. नंतर कळलं, मामांनी जुना तुकडा त्यांच्या शेडच्या दाराला अडसर म्हणून लावला होता, तो विसरले, आणि त्याच लाकडाचा नवा कापून बसवला होता. मी डोळ्यांनी तपासलं होतं. हात लावला नव्हता. म्हणजे काल ती धावत आली, आणि...

"मग तुम्ही थांबलात कसे?" मी विचारलं.

ते शर्टाकडे पाहत राहिले. पांढऱ्या कापडावर छातीच्या मधोमध एक ओला पंजा उमटला होता. लहान.

"तिचा हात ओला का आहे?"

मी उघड्या फाटकाकडे पाहिलं.

"किती वेळा पडली?"

मला खोटं बोलता आलं असतं. आयुष्यभर तेच तर केलं. "आठ," मी म्हणालो. "कालची धरली तर."

त्यांनी फाटकाला धरलं. मग म्हणाले, "तिला पोहता येत नव्हतं."

चारला बाई आल्या. मालकांनी कागदांवर सह्या केल्या, ओला शर्ट तसाच अंगात. मी म्हटलं, आपण सौदा मोडू, मी दांडी नीट करून घेतो, तुम्ही म्हणाल तसं. ते म्हणाले, "राहू द्या. तिचा आता या दांडीवर विश्वास राहिला नाही." मी मामांकडून जुना तुकडा आणून त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी एकदा खाचांवरून बोट फिरवलं आणि परत दिला.

"ज्यानं काढला त्यानंच सांभाळावा."

म्हणून तो तिथं टांगलाय. बाई बोट घेऊन गेल्या, खूश आहेत, मधे फोन आला होता. कसलाही आवाज नाही म्हणाल्या.

आता उठू नका, बसूनच ऐका. बोटीवर चारच्या पुढे खाच नव्हती, कारण चारच्या पुढे जागाच नव्हती. महिन्यापूर्वी मी तो तुकडा पुसायला काढला. पाच आहेत. पाचवी ताजी आहे, आतलं लाकूड अजून पांढरं दिसतं.

तेव्हापासून रोज तीनला ती इथं येते. पहिले काही दिवस फक्त दारापर्यंत. मग भिंतीच्या कडेनं कपाटापर्यंत. मी एकदा खुर्ची हलवली, तर ती अडखळली, आणि नंतर कितीतरी वेळ नुसती उभी होती. त्या दिवसापासून मी इथली एकही वस्तू जागची हलवत नाही. आणखी पाडायची माझी हिंमत नाही.

काल ती तुम्ही बसलात त्या खुर्चीपर्यंत आली. त्यापुढे हे टेबल आहे, आणि टेबलामागे मी.

पाठीला ओलसर लागत असेल, माफ करा. दोनदा पुसलं, वाळत नाही.